खाजनाचा हिशेब आणि बत्तीस कोअर

पार्श्वभूमी

आमचं ऑफिस फोंड्याला, बाजारामागच्या एका इमारतीत वरच्या मजल्यावर. माणसं पाच. मालकांना सगळे भाई म्हणतात, प्रोग्रामिंगचा मुख्य भार माझ्यावर, आणि वर्षभरापूर्वी वाळपईकडची एक मुलगी कॉलेज संपवून थेट आमच्याकडे लागली होती. बाकी दोघे नकाशे आणि मोजणीचं बघतात. नावं कुणाचीच देत नाही. ज्यांचं काम होतं त्यांची ओळख पटू नये म्हणून जागेचे तपशीलही थोडे हलवले आहेत. प्रोग्रामचं जे झालं ते मात्र जसंच्या तसं सांगतो, कारण त्यातल्या बहुतेक चुका माझ्या आहेत.

काम खाजन शेतांचं होतं. मांडवी, जुवारी आणि त्यांना जोडणारा कुंभारजुव्याचा कालवा यांच्या काठाला भरतीच्या पातळीखाली असलेली ही शेतं. बाहेर मातीचा बांध, बांधात मानस. मानशीची दारं भरतीच्या रेट्याने मिटतात आणि ओहोटीला आतल्या पाण्याने उघडतात. भरती दर १२ तास २५ मिनिटांनी येते, उधाणाला पाणी २ मीटरच्या आसपास चढतं. बांध फुटला की खारं पाणी आत. कोरगुट भात थोडा खारेपणा सोसतो, पण त्यालाही मर्यादा आहे.

विचारलेला प्रश्न सरळ होता: बांध अमुक ठिकाणी, भरतीच्या अमुक वेळी, पावसाच्या अमुक जोरात फुटला, तर कुठलं शेत किती तास पाण्याखाली राहील? ठिकाणं, वेळा आणि पाऊस यांची सरमिसळ केली की प्रसंगांची संख्या १०,००० वर जात होती. प्रत्येक प्रसंगासाठी जमिनीच्या नकाशाचे चौकोन पाडायचे आणि काही सेकंदांच्या पायरीने प्रत्येक चौकोनातलं पाणी शेजारच्या चार चौकोनांशी जुळवत जायचं. असे तीन-चार दिवसांचे भरती-ओहोटीचे फेरे झाले की एक प्रसंग संपला.

प्रोग्राम सी प्लस प्लसमध्ये होता आणि समांतर, म्हणजे एकाच वेळी अनेक कोअरवर, चालवायला ओपनएमपी ही सोय. एका प्रसंगाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही. असं काम समांतर करणं म्हणजे हातचा मळ, असं मी भाईंना सांगितलं होतं. बाहेरच्या लूपवर एक ओळ लिहायची, प्रोसेसरमध्ये आठ कोअर, म्हणजे एकाच वेळी काम करणारे आठ भाग, असतील तर वेळ आठवा हिस्सा. शब्द माझेच.

अडचण

पहिली खूण वेळेची नव्हतीच. पडद्यावर किती प्रसंग झाले हे दाखवणारा एक आकडा होता. २०० प्रसंगांची चाचणी संपायची तेव्हा तो कधी १९४ वर थांबायचा, कधी १९७ वर. एकदा भाई मागे उभे राहून बघत होते. त्यांनी विचारलं, "कितें जालें? राहिलेले तीन कुठे गेले?" मी म्हणालो, दाखवण्यात काहीतरी आहे, काम बरोबर चाललंय. खरं होतं ते. पण त्या वाक्यापाशीच मी थांबायला हवं होतं.

मोजणीचा आकडा सगळ्या थ्रेडमध्ये, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या प्रोग्रामच्या धाग्यांमध्ये, सामायिक होता आणि त्याला कसलंच संरक्षण नव्हतं. एकाने १२० वाचला, दुसऱ्यानेही १२० वाचला, दोघांनी १२१ लिहिला. एक प्रसंग हिशेबातून गेला. हा दोष पाठ्यपुस्तकात पहिल्या धड्यात असतो. मीही तो ओळखला आणि मोजणी लॉकमध्ये घातली, म्हणजे एका वेळी एकच थ्रेड आत, बाकीचे दारात. त्याच उत्साहात एकूण पाण्याचं घनफळ, बुडालेले चौकोन आणि सर्वांत जास्त खोली या तीन बेरजाही त्याच लॉकमध्ये गेल्या. त्या बेरजा नकाशाची एकेक ओळ झाली की व्हायच्या. म्हणजे दर एक-दोन मायक्रोसेकंदाला प्रत्येक थ्रेड त्या लॉकच्या दारात येऊन उभा.

आकडे बरोबर आले. वेळ अशी आली: तीच चाचणी एका थ्रेडवर सुमारे ४० मिनिटं, आठ थ्रेडवर ५५.

आठ माणसं लावली आणि काम लांबलं. यावर आमचं निदान झालं की मशीन जुनं आहे.

पहिला निर्णय: मशीन

हा निर्णय आता सांगताना कसंसंच होतं. भाईंनी दोन सॉकेटचा, म्हणजे दोन प्रोसेसरचा, सर्व्हर घेतला. प्रत्येक सॉकेटवर १६ कोअर, एकूण ३२. पावसाळ्याच्या तोंडावर वीज जाते-येते म्हणून सोबत मोठा यूपीएस. दोन दिवस बसवण्यात गेले. तिसऱ्या दिवशी चाचणी ३२ थ्रेडवर लावली आणि आम्ही जेवायला गेलो. जेवून, बाजारातून फिरून आलो तरी ती चालूच होती. सुमारे दीड तास लागला.

भाई ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, "मशीन घेतलं ना रे, मग धावत का नाही?"

त्या क्षणी हातात एक चांगला पुरावा होता आणि तो मी वाचला नाही. जीन ॲमडालने १९६७ मध्ये मांडलेला नियम मला पाठ होता: कामाचा एक दशांश भाग एकापाठोपाठ एकच करावा लागत असेल, तर कितीही कोअर लावा, वेग दहापटीपलीकडे जाणार नाही. लॉकमुळे आपला तोच भाग वाढलाय, असं मी धरून चाललो. पण ॲमडालच्या हिशेबात आलेख सपाट होतो, खाली येत नाही. आमचा खाली येत होता. कोअर वाढवल्यावर काम हळू होत असेल तर रांग लागणं एवढंच कारण पुरत नाही. कोअर एकमेकांशी बोलण्यात वेळ घालवतायत, आणि जितके जास्त तितकी बडबड जास्त. ही उकल मला पुढे दहा-बारा दिवसांनी झाली.

समोर असलेले पर्याय

त्या संध्याकाळी चहावर आम्ही तिघे बसलो. माझ्या मनात दोन वाटा होत्या. लॉक काढून ॲटॉमिक बेरीज वापरायची, म्हणजे वाचणं-मिळवणं-लिहिणं प्रोसेसरकडून एकाच अखंड पायरीत करून घ्यायचं, किंवा प्रत्येक थ्रेडला बेरजेची स्वतःची जागा द्यायची आणि शेवटी सगळ्या जागा एकत्र करायच्या. ओपनएमपीत रिडक्शन म्हणून याची तयार सोयही आहे. ती मी का वापरली नाही, याचं उत्तर एवढंच की बेरजा तीन-चार फंक्शन खोल होत होत्या आणि सगळ्यांच्या हातात तो ग्लोबल व्हेरिएबल आधीच होता. जुना कोड हलवायचा कंटाळा.

तिसरी वाट त्या मुलीने सुचवली. "सर, आपण एकाच थ्रेडचा प्रोग्राम ३२ वेळा चालवूया का? प्रत्येकाला वेगळे प्रसंग द्यायचे. शेवटी फायली जोडायच्या."

मी म्हणालो, "असं कुणी करतं का? जमिनीचा नकाशा ३२ वेळा मेमरीत येईल."

ती गप्प बसली. नकाशा काही मोठा नव्हता. ३२ प्रती मेमरीत सहज मावल्या असत्या, हे मी मोजून पाहिलं नाही.

ॲटॉमिक

आधी ॲटॉमिक करून पाहिलं. आठ थ्रेडवर वेळ ३० मिनिटांवर आली. एका थ्रेडच्या ४० पेक्षा कमी, म्हणून थोडा जीव भांड्यात पडला. पण चार थ्रेडवरही ३०च लागत होती आणि नव्या सर्व्हरवर ३२ थ्रेडला पुन्हा वाढत होती.

लॉक नाही म्हणजे थांबणं नाही, असा आमचा समज. ॲटॉमिकमध्ये प्रोग्रामला रांग दिसत नाही, पण रांग असतेच, प्रोसेसरच्या पोटात. आता ती बाजू सांगायला हवी, कारण पुढची सगळी गोष्ट तिच्यावर उभी आहे.

प्रोसेसर मेमरीतून एकेक व्हेरिएबल आणत नाही. तो ६४ बाइटचा एक तुकडा आणतो, त्याला कॅश लाइन म्हणतात. आपल्या नेहमीच्या इंटेल आणि एएमडीच्या मशीनवर ती ६४ बाइटची असते. प्रत्येक कोअरची आपली कॅश, म्हणजे जवळची छोटी मेमरी, असते. तीच लाइन दोघांच्या कॅशमध्ये असेल तर त्यांच्यात ताळमेळ ठेवायला नियम आहेत. त्यांतला सर्वांत परिचित मेसी. तो १९८४ मध्ये इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी मांडला, म्हणून त्याला इलिनॉय पद्धतही म्हणतात. नियमाचा गाभा असा: नुसतं वाचायचं असेल तर लाइनची प्रत कितीही कोअरांनी ठेवावी. लिहायचं असेल तर ती लाइन एकाच कोअरकडे असली पाहिजे, बाकीच्यांच्या प्रती रद्द.

मी ते मुलीला असं समजावलं. गावच्या सोसायटीत हिशेबाची एकच वही आहे. नुसतं बघायचं असेल तर सगळ्यांनी झेरॉक्स काढून घरी ठेवावी. पण एकाला जरी एक आकडा लिहायचा असेल, तर सगळ्यांच्या झेरॉक्स फाडायच्या, मूळ वही त्याच्या घरी न्यायची आणि मग लिहायचं. पुढच्याला लिहायचं झालं की पुन्हा तेच. वही एका वाड्यातल्या घरांत फिरत असेल तर त्यातल्या त्यात बरं. दोन सॉकेट म्हणजे एक घर रायबंदरला आणि दुसरं चोडणला. वही दर वेळी फेरीबोटीतून जाणार.

कोअरला स्वतःच्या कॅशमधला आकडा क्लॉकच्या चार-पाच ठोक्यांत मिळतो. दुसऱ्या कोअरने नुकतीच लिहिलेली लाइन ओढून आणायला त्याच्या कितीतरी पट, आणि दुसऱ्या सॉकेटवरून आणायला त्याहूनही जास्त. आमच्या ॲटॉमिक बेरजा बरोबर होत्या, सुरक्षित होत्या, आणि प्रत्येक बेरजेला वही घर बदलत होती.

"मग मशीन मोठं घेतल्यावर वेळ वाढणारच," ती म्हणाली. "घरं वाढली."

हे तिने इतक्या सहज सांगितलं की मला त्या सर्व्हरकडे बघवेना.

दुसरा निर्णय: प्रत्येकाला आपलं खातं

म्हणून मी दुसऱ्या वाटेला लागलो. थ्रेडइतक्या लांबीचा एक ॲरे, म्हणजे मेमरीत ओळीने लागलेले खण, केला. प्रत्येक थ्रेड आपल्या क्रमांकाच्या खणात बेरीज करणार. दुसऱ्याच्या खणाला हात लावायचा नाही. लॉक नाही, ॲटॉमिक नाही. चुकायला जागाच नाही. आणि आता लॉकची भीती उरली नाही म्हणून बेरीज ओळीऐवजी थेट चौकोनागणिक केली. कोड सोपा झाला, वाचायला छान झाला.

आठ थ्रेडवर वेळ ३५ मिनिटं. ॲटॉमिकपेक्षा पाच जास्त.

इथे आम्ही चार दिवस घालवले, आणि या प्रकरणात सर्वांत जास्त शिकण्यासारखं तेच आहे. मी सी प्लस प्लसच्या डोळ्यांनी बघत होतो. त्या डोळ्यांना आठ वेगळी व्हेरिएबल दिसत होती, प्रत्येकाचा मालक वेगळा. सामायिक काहीच नाही. म्हणून मी कारण बाकी सगळीकडे शोधलं: कंपायलरचे पर्याय बदलले, थ्रेडना कामं वाटायची पद्धत बदलली, सर्व्हर तापतोय का तेही पाहिलं. एका दिवशी तर थ्रेडची संख्या सात करून पाहिली, का ते आता आठवत नाही.

प्रोसेसरला व्हेरिएबलची नावं आणि मालक ठाऊक नसतात. त्याला फक्त ६४ बाइटची लाइन दिसते. एक डबल, म्हणजे एक दशांश संख्या, ८ बाइटचा. आठ थ्रेडचे आठ डबल म्हणजे नेमके ६४ बाइट. ॲरेची सुरुवात लाइनच्या हद्दीवर नसेल तर फार तर दोन लाइनी. मी आठ जणांना आठ पानं दिली होती, पण वही एकच होती. प्रत्येक जण आपल्याच पानावर लिहीत होता आणि तरीही दर लिखाणाला अख्खी वही ओढून नेत होता. वर ओळीगणिक लिहिण्याऐवजी चौकोनागणिक लिहायला लावून मी त्यांची ओढाताण शेकडो पटींनी वाढवली होती. याला फॉल्स शेअरिंग म्हणतात. नाव माहीत होतं, वाचलं होतं. समोर उभं राहिलं तेव्हा ओळखलं नाही.

ओळख पटली ती लिनक्सच्या पर्फ या, वेळ कुठे जातो ते दाखवणाऱ्या साधनातल्या सी-टू-सी भागामुळे. तो लिनक्सच्या ४.१० आवृत्तीपासून, म्हणजे २०१७ पासून आहे. दुसऱ्या कोअरने बदललेली लाइन ओढून आणावी लागली, अशा वाचनांची तो नोंद करतो आणि कुठल्या लाइनवर, तिच्यातल्या कितव्या बाइटवर, कोडच्या कुठल्या ओळीतून ते झालं ते सांगतो. आमच्या यादीत सगळ्यांत वर एकच लाइन होती. तिच्याखाली ०, ८, १६, २४ असे खण, प्रत्येकावर वेगळा थ्रेड. यादी बघायला पाच मिनिटं लागली.

पॅडिंग की लोकल

आता दोन उपाय होते. एक म्हणजे पॅडिंग: रिकामी जागा भरून प्रत्येक खण ६४ बाइटांचा करायचा, म्हणजे प्रत्येकाची वही वेगळी. दुसरा, बेरीज फंक्शनच्या आतल्या लोकल व्हेरिएबलमध्ये करायची आणि प्रसंग संपला की एकदाच बाहेर लिहायची.

पॅडिंग एका ओळीचं काम होतं, म्हणून ते आधी केलं. ३५ मिनिटांची १४ झाली. ऑफिसात पहिल्यांदाच कुणीतरी टाळी वाजवली. भाईंनी विचारलं, झालं का? मी म्हणणार होतो हो, पण मुलगी म्हणाली की लोकलही करून बघूया, कंटाळवाणं आहे पण अवघड नाही. तीन फंक्शनांच्या सह्या, म्हणजे ती काय घेतात आणि काय परत देतात ते, बदलाव्या लागल्या, एक दिवस गेला. वेळ १२.

दोन मिनिटांसाठी एक दिवस, असं वाटेल. पण एका थ्रेडवर चालवलं तेव्हा ४० मिनिटांचं कामही ३२ वर आलं होतं. तिथे दुसरा कोअर नाही, ओढाताण नाही, मग हे कुठून आलं? कारण असं की ॲरेच्या खणात पॉइंटरमार्फत लिहिताना कंपायलरला खात्री नसते की तोच पत्ता पाण्याच्या पातळीच्या ॲरेतही नाही. म्हणून तो प्रत्येक वेळी मेमरीत लिहितो, पुन्हा वाचतो. लोकल व्हेरिएबलचा पत्ता कुणालाच दिलेला नसेल तर तो ते सरळ रजिस्टरमध्ये, म्हणजे कोअरच्या अगदी आतल्या जागेत, ठेवतो. पॅडिंगने वही प्रत्येकाची झाली. लोकलने आकडा तोंडीच राहिला, वही उघडायची वेळ एकदाच.

पॅडिंगचा दुसरा दोष नंतर जाणवला. ६४ हा आकडा कोडमध्ये कोरला जातो. ॲपलच्या एम-वन चिपवर लाइन १२८ बाइटची आहे. सी प्लस प्लसने २०१७ च्या मानकात यासाठी एक स्थिरांक दिला आहे, पण लोकल व्हेरिएबल वापरलं की हा प्रश्नच पडत नाही.

लपलेलं सामायिक

१२ मिनिटांवर अडलो. आठ थ्रेडवर ३२ मिनिटांच्या कामाला चारच्या आसपास लागायला हवी होती. पर्फमध्ये अजूनही एका लॉकमध्ये वेळ जाताना दिसत होता, आणि आमच्या कोडमध्ये आता एकही लॉक नव्हता.

तो रँड फंक्शनमध्ये निघाला. पावसाचा जोर थोडा वरखाली करायला आम्ही ओळीगणिक यादृच्छिक आकडा घेत होतो. जीलिबसीत, म्हणजे लिनक्सवरच्या नेहमीच्या सी लायब्ररीत, रँडची आतली स्थिती सगळ्या थ्रेडना मिळून एकच असते आणि तिच्यावर लॉक असतो. आपण सामायिक असं काही लिहिलेलं नसतं. लायब्ररीने लिहिलेलं असतं. प्रत्येक प्रसंगाला स्वतंत्र जनरेटर दिला. इथे मुलीने एक चूक होण्याआधीच टाळली. मी बीज, म्हणजे जनरेटरचा सुरुवातीचा आकडा, थ्रेडच्या क्रमांकावरून देत होतो. ती म्हणाली, "सर, प्रसंगाच्या क्रमांकावरून देऊया. नाहीतर आठ थ्रेडवरचा पाऊस वेगळा आणि बत्तीसवरचा वेगळा." बरोबर होतं.

याच शोधात भरतीच्या तक्त्याचं एक जुनं फंक्शन सापडलं. मागच्या वेळी तक्त्यात कुठे होतो ते आठवणारं एक स्टॅटिक व्हेरिएबल त्यात होतं. फंक्शनच्या आत लिहिलेलं म्हणून लोकल वाटतं, पण स्टॅटिक असल्यामुळे सगळ्या थ्रेडना मिळून एकच. नशिबाने चुकीची जागा मिळाली तर फंक्शन पुन्हा सुरुवातीपासून शोधत होतं, म्हणून उत्तरं चुकली नाहीत, नुसता वेळ गेला. दुसऱ्या कुणाच्या फंक्शनमध्ये हे नशीब असेलच असं नाही.

आठ थ्रेडवर वेळ ५ मिनिटं.

दुसरा सॉकेट

सर्व्हरवर ३२ थ्रेडला मात्र ४ मिनिटं लागत होती. चौपट कोअर आणि फायदा एका मिनिटाचा. हे थोडक्यात सांगतो. दोन सॉकेटच्या मशीनमध्ये मेमरीही दोन भागांत असते. लिनक्स मेमरीचं एखादं पान, म्हणजे ठरावीक आकाराचा तुकडा, त्या भागात ठेवतं, जिथला कोअर त्याला पहिल्यांदा स्पर्श करतो. आमचे पाण्याचे सगळे ॲरे मुख्य थ्रेडने सुरुवातीलाच तयार करून शून्याने भरले होते, म्हणजे सगळी मेमरी रायबंदरला आणि अर्धे कोअर चोडणला. ॲरे तयार करणं आणि भरणं प्रत्येक थ्रेडच्या आत हलवलं. वेळ २ मिनिटं.

जमिनीचा नकाशा मात्र सामायिकच ठेवला. तो फक्त वाचला जातो, म्हणून प्रत्येक कोअर आपली प्रत ठेवतो आणि कुणी ती फाडत नाही. ज्या गोष्टीचं मी पहिल्या दिवशी भय घातलं होतं, तीच शेवटपर्यंत निरुपद्रवी ठरली.

निष्पत्ती

४० मिनिटांचं काम २ वर आलं, म्हणजे वीसपट, असं भाईंनी पुढे सगळ्यांना सांगितलं. खरं गुणोत्तर ३२ ला २, म्हणजे सोळापट. उरलेलं श्रेय एका थ्रेडच्या सुधारणेचं. ३२ कोअरवर ३२ पट का नाही? मेमरीतून आकडे येण्याचा वेग आता आडवा येतो आणि तो व्हेरिएबल हलवून वाढत नाही.

अहवाल वेळेत गेला, पण एक फोन आला. तिकडच्या माणसाने दोन दिवसांच्या दोन निकालांत घनफळाचे शेवटचे अंक वेगळे पाहिले होते. त्यांचं म्हणणं रास्त होतं: तेच इनपुट, मग उत्तर वेगळं का? दशांश आकड्यांची बेरीज कुठल्या क्रमाने केली यावर तिचे शेवटचे अंक अवलंबून असतात, आणि आम्ही थ्रेड ज्या क्रमाने संपतील त्या क्रमाने जोडत होतो. मग प्रत्येक प्रसंगाचं उत्तर त्याच्या क्रमांकाच्या खणात ठेवायला लागलो आणि शेवटी एकट्या थ्रेडने क्रमाने बेरीज केली. गंमत अशी की हा पुन्हा शेजारी-शेजारी खणांचा सामायिक ॲरेच आहे, चार दिवस ज्याने छळलं तसाच. पण प्रत्येक खणात अख्ख्या प्रसंगात एकदाच लिहिलं जातं. मोजून पाहिलं, फरक दिसतही नाही.

मोजणीचा आकडाही परत आला. ॲटॉमिक, प्रसंग संपला की एकदा. तो आता २०० वर थांबतो.

काय वेगळं करता आलं असतं

मशीन घेण्याआधी पर्फची पाच मिनिटं द्यायला हवी होती, हे उघड आहे. त्याहून मला टोचतं ते दुसरं. एक थ्रेड, दोन थ्रेड, चार, आठ अशी मोजणी मी पहिल्या दिवशी केलीच नव्हती. थेट आठ. दोन थ्रेडवरच वेळ वाढतोय हे दिसलं असतं तर मशीन जुनं असल्याची शंका मनात आलीच नसती.

ओपनएमपीत बाहेर जाहीर केलेली व्हेरिएबल आपोआप सामायिक धरली जातात. डिफॉल्ट नन लिहिलं की प्रत्येक व्हेरिएबलबद्दल हे सामायिक की खासगी ते हाताने सांगावं लागतं, नाहीतर कंपायलर अडवतो. आता नव्या कोडमध्ये आम्ही ते लिहितो. कटकट आहे. हाक मारलेल्या फंक्शनांच्या आतली ग्लोबल आणि स्टॅटिक व्हेरिएबल त्याच्या नजरेतून सुटतात, तेव्हा रँडसारखं काही त्याने पकडलं नसतं.

राहता राहिली तिची पहिल्या संध्याकाळची सूचना. ३२ वेगळे प्रोसेस, प्रत्येकाची मेमरी वेगळी. त्यात लॉक नाही, ॲटॉमिक नाही, फॉल्स शेअरिंग नाही. रँडची स्थिती प्रत्येक प्रोसेसची आपली. स्टॅटिकही आपलं. मेमरीही ज्याची त्याच्या सॉकेटवर. आम्ही तीन आठवड्यांत एकेक करून जे सोडवलं ते सगळंच त्या एका स्क्रिप्टने त्याच रात्री टळलं असतं. नंतर एका शनिवारी तिने ती लिहून चालवून पाहिली: अडीच मिनिटं. मी विचारलं, तेव्हा हट्ट का नाही धरलास? ती म्हणाली, "तुम्ही नको म्हणालात, सर."

स्क्रिप्ट अजून त्या फोल्डरमध्ये आहे. मागच्या पावसाळ्यात एकदा नव्या बदलानंतर प्रोग्रामची उत्तरं संशयास्पद वाटली, तेव्हा भाईंनी आधी तीच चालवायला सांगितली.